पॉइंटर काढताय? आधी क्रेडिटचा रकाना बघा

इंजिनिअरिंगच्या ग्रेडमध्ये ओ म्हणजे 10, ए प्लस म्हणजे 9, पी म्हणजे 4, एफ म्हणजे शून्य हे पहिल्या सेमिस्टरलाच पाठ होतं, त्यावर वेळ घालवत नाही. घोळ सरासरीत होतो. सगळ्या सेमच्या पॉइंटरची (10 पैकी सरासरी ग्रेड-गुणांची) बेरीज करायची आणि सेमच्या संख्येनं भागायचं, ही रीत होस्टेलवर सिनियरकडून ज्युनियरकडे चालत येते. मीही बराच काळ तशीच आकडेमोड करत होतो. ती चूक आहे.

क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन. समजा पहिलं सेम 22 क्रेडिटचं, एसजीपीए (त्या एका सेमचा पॉइंटर) 6.5. दुसरं 18 क्रेडिटचं, एसजीपीए 8.5. सरळ सरासरी 7.5 येते. पण 22 गुणिले 6.5 म्हणजे 143, 18 गुणिले 8.5 म्हणजे 153. बेरीज 296, भागिले एकूण 40 क्रेडिट, सीजीपीए (सगळ्या सेमचा मिळून पॉइंटर) 7.40. कटऑफ 7.5 असेल तर तुम्ही बाहेर.

एका सेमच्या आतही हेच. चार क्रेडिटच्या मॅथ्समध्ये बी (6) आणि एक क्रेडिटच्या लॅबमध्ये ओ (10) मिळाला की वाटतं, सरासरी 8. प्रत्यक्षात 24 अधिक 10, भागिले 5, म्हणजे 6.8. म्हणून जर्नल सजवत रात्री घालवणाऱ्यांचं मला कधीच कौतुक वाटलं नाही. थिअरी वाचा.

केटी लागली, म्हणजे एखादा विषय नापास होऊन राहिला, तर त्या विषयाचे क्रेडिट भागाकारातून काढू नका. 20 क्रेडिटच्या सेममध्ये 16 क्रेडिटला 7 आणि चार क्रेडिटला शून्य असेल तर पॉइंटर 5.6. पण धीर सोडू नका: तोच विषय नुसत्या पी ग्रेडनं सुटला तरी 6.4 होतो. केटी एवढी सावरता येते.

खरा फटका टक्केवारीत बसतो. 9.5 नं गुणायची सवय सीबीएसईच्या दहावीला पूर्वी सीजीपीए मिळायचा तेव्हाची. इंजिनिअरिंगच्या फॉर्मवर ती चालवू नका. 6.4 ला 9.5 नं गुणलं तर 60.8 टक्के. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेच्या) सूत्रानं 0.75 वजा करून 10 नं गुणलं तर 56.5. 'साठ टक्के हवेत' म्हणणाऱ्या कंपनीच्या फॉर्मवर 60.8 लिहून, कागदपत्रं तपासताना नाव कापलं गेलेली मुलं मी पाहिली आहेत. तिथे रडून उपयोग नसतो.

एआयसीटीईचं सूत्रही सगळीकडे लागू नाही. तुमच्या विद्यापीठाचं चालतं, आणि तेही तुमच्या बॅचच्या पॅटर्नचं. ते बऱ्याचदा मार्कशीटच्या मागेच छापलेलं असतं, नाहीतर परीक्षा विभागात विचारा. मोबाइलवरचं कॅल्क्युलेटर ॲप कुठलं सूत्र धरतं हे ते सांगतही नाही, मला त्यांचा राग आहे. परदेशी अर्जाला 2.5 नं भागून 4 पैकी आकडाही परस्पर बनवू नका. पुष्कळ विद्यापीठं मूळ 10 पैकीचाच पॉइंटर मागतात. सूचना नीट वाचा आणि मार्कशीटवरचा आकडा तसाच भरा.