झाडीच्या भूखंडाचा भाव ठरवताना आणि जागा घरासाठी तयार करताना

मुंबईत गोराई, मनोरी, मढ या बाजूला आंबा-फणसाची, ताडामाडांची एखादी जुनी वाडी अजूनही विक्रीला निघते. तिचा भाव शेजारच्या मोकळ्या भूखंडाच्या दराने करू नये. घर कुठे आणि केवढे बसेल हे तेथे झाडेच ठरवतात, म्हणून इसार देण्याआधी झाडांचा नकाशा हाती असावा.

त्याही आधी कागद पाहावेत. सातबारा आणि मालमत्ता पत्रकावर, विशेषतः ‘इतर हक्क’ या रकान्यात, खाजगी वनाची नोंद आहे का ते वकिलाकडून तपासून घ्यावे. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ३५(३) खालील, जमिनीला खाजगी वन ठरवण्यासाठी आधार घेतलेल्या जुन्या नोटिशींमुळे मुंबईतील अनेक जमिनी वर्षानुवर्षे अडकल्या होत्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांतील बऱ्याच मालकांना दिलासा दिला. तरी फेरफाराची नोंद प्रत्यक्ष बदललेली दिसेपर्यंत ‘आता काही अडचण नाही’ हे विक्रेत्याचे म्हणणे मान्य करू नये. खाडीकाठी भरतीरेषेचे नियम लागतात आणि कांदळवनाच्या कडेपासून ५० मीटरचा पट्टा बांधकामाला बंद असतो. विकास आराखड्यात भूखंड कोणत्या विभागात येतो, हेही लेखी घ्यावे. नैसर्गिक क्षेत्रात असेल तर घराचा विचार तेथेच थांबवावा.

रान माजलेले असताना मोजणी मागवण्यात अर्थ नाही. खालची झुडपे आणि वेली काढल्या की उतार, बुजलेली विहीर, पावसाळी ओहोळ आणि हद्दीचे दगड दिसू लागतात. मग मोजणीदाराकडून प्रत्येक झाडाची जागा, जात, जमिनीपासून १.३७ मीटरवरचा खोडाचा घेर आणि फांद्यांचा विस्तार नकाशावर घ्यावा. कुठले झाड पोकळ आहे, कुठले वठले आहे, हे जाणकाराने सांगावे. गुलमोहरासारखी उथळ मुळांची झाडे मुंबईच्या पावसाळ्यात उन्मळून पडतात, त्यामुळे ती घराला लागून ठेवण्याचा आग्रह मला पटत नाही.

किमतीचा हिशेब आता करता येतो. समजा, भूखंड १,००० चौरस मीटरचा आहे. रस्त्याकडची आणि बाजूची मोकळी सोडायची जागा, ओहोळ आणि राखायच्या मोठ्या झाडांचा घेर वजा जाता सलग ३५० चौरस मीटर उरतात. तेवढ्यात हवे ते घर बसते का, हा पहिला प्रश्न. बसत असेल तर मोकळ्या भूखंडाच्या दरातून झाडांच्या परवानगीचा खर्च, बुंधे काढणे, भराव, जादा पाया आणि परवानगी येईपर्यंत अडकणाऱ्या पैशाचे व्याज वजा करावे. हा शेवटचा आकडा लोक विसरतात आणि बहुधा तोच सर्वांत मोठा निघतो. चांगल्या जुन्या आंब्यासाठी थोडे अधिक देणे गैर नाही, मात्र ते हौसेचे पैसे आहेत हे ओळखून द्यावेत.

खरेदीनंतरही कुऱ्हाड लगेच उचलू नये. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार खाजगी जागेतील झाड तोडण्यासाठीही महापालिकेची परवानगी लागते. अर्ज केल्यावर पाहणी होते, जाहीर हरकती मागवल्या जातात आणि बदली लागवडीची अट येते. म्हणून वास्तुविशारदाने झाडे चुकवूनच आराखडा बसवावा.

परवानगी आली की तोडणीचे काम दिवाळीनंतर सुरू करून पाऊस येण्याआधी संपवावे. बुंधा जमिनीलगत कापून ठेवू नये. कुजणाऱ्या लाकडाला वाळवी लागते आणि वर घातलेली फरशी खचते. मुळांसह खड्डा उपसून तो मुरुमाने, सुमारे १५ सेंटिमीटरच्या थरांत, पाणी मारून आणि धुम्मस करून भरावा. काळी माती असेल तर मोठे झाड काढल्यावर ती पुन्हा ओलावा धरून फुगते, त्यामुळे तेथे पायाची खोली बांधकाम अभियंत्याने चाचणी खड्डे पाहूनच ठरवावी. पाया भरताना वाळवीप्रतिबंधक फवारणी करून घ्यावी.

राखलेल्या झाडांभोवती, किमान फांद्यांच्या टोकापर्यंत, ट्रक येण्याआधी पत्र्याचे कुंपण घालावे. त्या घेरात वाळू-खडी टाकू नये, सिमेंटचे पाणी ओतू नये आणि बुंध्याभोवती भराव चढवू नये. पाण्याच्या किंवा मलवाहिनीच्या चरात जाड मूळ आडवे आले, तर चराची दिशा बदलावी.