या चुका टाळा : कॅसेटमधली खरखर पुसताना संगीतच पुसू नका

गेल्या जुलैतली गोष्ट. बाहेर पाऊस धरून बसलेला, आणि बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या खोलीत मी एका ऑर्केस्ट्राची १९८७ सालची कॅसेट संगणकावर उतरवून छान ‘स्वच्छ’ करून ठेवलेली. त्यात की-बोर्ड वाजवणारे काका मुद्दाम निपाणीहून बसनं आले होते. हेडफोन लावून दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, “गाणं आमचंच हाय. पण स्नेअर कुठं गेला रे?”

मी म्हटलं, “काका, खरखर काढलीय.”

“अरे पोरा, ती खरखर मशीनचीच हाय की! ती काढल्यावर उरतंय काय?”

काकांचं बरोबर होतं. त्या काळच्या साध्या रिदम मशीनमध्ये स्नेअर, म्हणजे ड्रमसेटमधला ‘च्छक्’ वाजणारा ढोल, आणि टाळी खऱ्या वाद्याची रेकॉर्ड केलेली नसायची. आतलं सर्किट ‘सूं’ असा सपाट गोंगाट तयार करायचं, त्याला क्षणभर कापून, गाळून ‘च्छक्’ करायचं. रोलंड कंपनीच्या १९८० सालच्या टीआर-८०८ या रिदम मशीनमध्येही स्नेअरची सळसळ आणि टाळी अशीच बनते. खरखर काढणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र फितीची स्वतःची सळसळ (हिस) आणि मशीनचा स्नेअर यांतला फरक कळत नाही. दोन्ही गोंगाटच, म्हणून दोन्ही साफ. काकांचा अख्खा ताल मी एका बटणानं खाऊन टाकला होता.

म्हणून सगळ्यात आधी हेच सांगतो. इलेक्ट्रॉनिक संगीतात बिघाडासारखं ऐकू येणारं बरंच काही मुद्दाम केलेलं असतं. फाटलेला आवाज, टकटक, उलटी वाजलेली फीत, मध्येच वर चढत जाणारी शीळ. जपणुकीची मूळ प्रत जशी उतरली तशीच ठेवा. सफाई करायचीच असेल तर वेगळ्या प्रतीवर करा, त्या प्रतीच्या नावातच ‘सफाई’ लिहा, आणि वाजवणारा हयात असेल तर त्याला ऐकवा.

‘हे कसलं आलंय इतिहासात’ असं आमच्या भागात अजून ऐकावं लागतं. कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मले हे इथल्या पोरांना पाठ असतं, आणि असावंच. पण वरातीत, गणपतीच्या मंडपात ऑक्टोपॅड आणि की-बोर्ड वाजवणाऱ्यांच्या कॅसेटी आपण माळ्यावर टाकल्या. मोठ्या संस्थांचंही फार वेगळं नव्हतं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीनं ‘मूग’ सिंथेसायझरचा, म्हणजे विजेवर सूर बनवणाऱ्या यंत्राचा, स्टुडिओ उभा राहिला. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा अशांनी तिथं काम केलं. ती रिळं संस्थेच्या संग्रहात कित्येक दशकं पडून होती. पॉल पर्गस हे ब्रिटिश कलाकार त्यांच्यामागे लागले म्हणून ती पुन्हा उजेडात आली, आणि त्यातला निवडक भाग २०२३ मध्ये प्रकाशित झाला. चरणजित सिंग यांनी १९८२ साली मुंबईत राग आणि डिस्कोचा ठेका एकत्र करून तबकडी काढली, तिच्याकडेही जगाचं लक्ष जायला पंचवीसेक वर्षं लागली. आपल्या माळ्यावर काय आहे ते आपणच बघायचं. आता चुका.

आणली की लगेच वाजवली

ही चूक मीही केलीय. कुणी पिशवीभर कॅसेटी दिल्या की हात शिवशिवतात. पण आधी मागच्या कडेच्या दोन प्लास्टिकच्या कळ्या बघा. शाबूत असतील तर तोडा. त्या असेपर्यंत चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तर जुनं पुसलं जाणार. मग फीत जिथं उघडी दिसते त्या कडेला, फितीच्या मागची नमद्याची छोटी गादी बघा. ती गळून पडलेली असेल तर फीत हेडला (डेकमधल्या फीत वाचणाऱ्या भागाला) टेकतच नाही, आवाज दबका आणि येतो-जातो असा होतो, आणि आपण उगाच डेकला, म्हणजे कॅसेट वाजवणाऱ्या यंत्राला, शिव्या देतो. फीत सुरुवातीच्या पारदर्शक तुकड्यापासून सुटली असेल तर कॅसेट उघडून जोडायची, पण स्प्लायसिंग टेपनंच. स्टेशनरीच्या दुकानातल्या चिकटपट्टीचा गोंद पाझरतो आणि शेजारचे वेढे एकमेकांना चिकटतात.

आमच्याकडचा खरा शत्रू बुरशी. खानापूरकडच्या घरांतून आलेल्या कॅसेटी तर बघायलाच नकोत, घाटमाथ्याचा पाऊस भिंतींतूनच आत येतो. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके किंवा पिठासारखा थर दिसला तर ती कॅसेट डेकमध्ये घालायचीच नाही. बुरशी हेडवर जाते, तिथून पुढच्या दहा कॅसेटींवर. वेगळ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर काही आठवडे कोरडी होऊ द्या, मग मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशनं झाडा.

आणि उन्हात घालू नका. एका घरी माउलीनं आमच्यावर माया करून तीस कॅसेटी वाळवणासारख्या गच्चीवर पसरल्या होत्या. पापड छान वाळतात, कॅसेटीचं कवच वाकतं.

याच्याच जोडीची दुसरी चूक म्हणजे ‘टेप भाजणं’. इंटरनेटवर वाचून कुणीतरी ओव्हन काढतो. भाजणं खरं आहे, पण ते १९७०-८० च्या दशकांतल्या काही विशिष्ट रिळांसाठी, ज्यांचा चिकटवणारा थर दमटपणानं विरघळून चिकट होतो. तेही पन्नास-पंचावन्न अंशांवर, कित्येक तास, तापमान अचूक राहणाऱ्या यंत्रात. स्वयंपाकघरातल्या ओव्हनचं ते काम नाही. त्याहून जुनी अ‍ॅसिटेटची फीत भाजली तर ती कायमची गेली. ओळखायची खूण अशी : रीळ उजेडासमोर धरा. गुंडाळीतून प्रकाश आरपार दिसला तर बहुधा अ‍ॅसिटेट. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर नक्कीच.

हेड सॅनिटायझरनं पुसलं

कोरोनानंतर घरोघरी बाटल्या उरल्यात, त्यामुळे हा प्रकार वाढलाय. सॅनिटायझरमध्ये पाणी आणि ग्लिसरीन असतं, त्याचा थर मागे राहतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, कापसाच्या काडीनं हेड पुसा, कापूस तपकिरी येणं थांबेपर्यंत. फीत पुढं ओढणाऱ्या रबरी चाकावर (पिंच रोलर) मात्र अल्कोहोल रोज चोळू नका, रबर कडक होतं.

स्क्रूला हात लावायची भीती

कॅसेट वाजतेय पण आवाज ब्लँकेटखालून आल्यासारखा. अशा वेळी नव्वद टक्के लोक संगणकात ट्रेबल वाढवतात. दोष बहुतेक वेळा हेडच्या कोनात असतो. हेडच्या बाजूला स्प्रिंग असलेला एक बारीक स्क्रू असतो, बऱ्याच डेकमध्ये झाकण काढलं की वाजवताना तो दिसतो. दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोमध्ये ऐका आणि स्क्रू अगदी हळू, घड्याळाच्या पाच मिनिटांएवढा, इकडे-तिकडे फिरवा. एका जागी आवाज एकदम उघडतो, धुक्यातून बाहेर आल्यासारखा. तिथं थांबा.

लोकांचा आक्षेप असतो की कंपनीनं बसवलेला कोन का बिघडवायचा. पण ती कॅसेट ज्या डेकवर भरली गेली त्याचंच हेड वाकडं होतं. आपल्याला त्या वाकडेपणाशी जुळवून घ्यायचंय. म्हणून हे प्रत्येक कॅसेटला, शक्यतो प्रत्येक बाजूला, नव्यानं करायचं. डेकवरचं खरखर कमी करणारं डॉल्बीचं बटण मात्र कॅसेटवर तसं लिहिलेलं नसेल तर बंदच ठेवा, नाहीतर उघडलेला आवाज पुन्हा मिटतो.

वेग चुकला, पट्टी चुकली

जुन्या डेकचे रबरी बेल्ट सैल होतात, चिकट होतात. गाणं हळू वाजतं, तरंगतं. बेल्ट बदलणं सोपं. अवघड हे की मूळ वेग काय होता ते कळणार कसं?

नेहमी सांगितली जाणारी युक्ती अशी की रेकॉर्डिंगमध्ये विजेचा गुणगुणाट शोधा. आपल्याकडे तो ५० हर्ट्झला असायला हवा. ५२ ला दिसला तर फीत चार टक्के जोरात. कागदावर सुंदर. पण ऐंशीच्या दशकात आपल्याकडे विजेची वारंवारता ५० वर कुठं टिकत होती? भार वाढला की खाली यायची. आणि मंडपातला कार्यक्रम जनरेटरवर असेल तर विचारूच नका. त्या गुणगुणाटावर विसंबून आम्ही एकदा पूर्ण संच चुकीच्या वेगानं उतरवला आणि पुन्हा पहिल्यापासून बसलो.

इथं इलेक्ट्रॉनिक वाद्यच मदतीला येतं. पेटी, तानपुरा कुठल्याही पट्टीत लावता येतो. डिजिटल की-बोर्ड मात्र कारखान्यातूनच ‘ए’ हा सूर ४४० हर्ट्झला, या हिशेबानं लागलेला येतो आणि हवेनं उतरत नाही. वाजवणाऱ्यानं ट्रान्सपोज केलं तरी तो पूर्ण पूर्ण पट्ट्यांनीच सरकतो. म्हणजे लांब धरलेला एखादा सूर ट्यूनरमध्ये बघायचा : ४४० च्या जागी ४५३ आला, तर तो पांढरी आणि काळी यांच्या मधोमध कुठंतरी लटकलेला आहे. तिथं की-बोर्ड असूच शकत नाही, फीत जवळपास तीन टक्के जोरात चाललीय. दोन-तीन गाण्यांत तोच फरक आला की खात्री. फक्त बारीक ट्यूनिंगची चकती कुणी सनईबरोबर जुळवायला फिरवली नव्हती ना, ते विचारून घ्या. आणि जुना अ‍ॅनालॉग सिंथ असेल तर हा हिशेब सोडा, तो तापला की स्वतःच उतरतो-चढतो. तो तरंगसुद्धा जसाच्या तसा ठेवायचा.

मोटरच्या मागे बहुतेकदा बारीक भोक असतं, आत वेगाचा स्क्रू. डेकवरच वेग जुळवा आणि किती बदलला ते नोंदवहीत लिहा.

छोट्या, पण महागात पडणाऱ्या

संगणकात गुणगुण येतेय? लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर घ्या. बऱ्याचदा तेवढ्यानं जाते. घरचा इन्व्हर्टर चालू असताना उतरवू नका. पातळी लाल रेषेला भिडवू नका, २४ बिटमध्ये सर्वांत मोठा आवाज उणे दहा डेसिबलच्या आसपास राहिला तरी काही बिघडत नाही. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. साठ मिनिटांच्या कॅसेटीला सुमारे २ जीबी लागतात. “एमपीथ्री केली की झालं” म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि दुसरं काम द्या. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावात.

फ्लॉपी : ‘फॉरमॅट करू का?’

नव्वदच्या दशकातल्या की-बोर्डवाल्यांकडे फ्लॉपींचे डबे निघतात. संगणकाला त्यांची मांडणी कळली नाही की तो विचारतो, डिस्क फॉरमॅट करायची का? आपल्या एका उत्साही मित्रानं ‘होय’ म्हटलं. एका मंडळाचे तीन वर्षांचे कार्यक्रम गेले. फ्लॉपी घालण्याआधी तिच्या कोपऱ्यातली सरकपट्टी सरकवून भोक उघडं करा, म्हणजे तिच्यावर लिहिणं बंद होतं, आणि फाइल कॉपी करण्याऐवजी अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत (डिस्क इमेज) घ्या.

शिवाय मिडी फाइल म्हणजे आवाज नव्हे. कुठली कळ कधी, किती जोरात दाबली याची ती नुसती चिठ्ठी. दुसऱ्या यंत्रावर वाजवली की बासरीच्या जागी भलतंच काही येतं. त्यामुळे की-बोर्डचं नेमकं मॉडेल लिहा, आणि तो चालू असेल तर त्याच्यावरूनच एकदा ऐकून भरून घ्या. की-बोर्डच्या आतली नाण्यासारखी बॅटरी बदलायची घाई नको. काही जुन्या सिंथमध्ये वाजवणाऱ्यानं बनवलेले आवाज तिच्यावरच तगून असतात. आधी ते बाहेर काढा.

लेबल ‘सुधारलं’

कव्हरवर मराठी, आत कन्नड, कडेवर तिसऱ्याच कुणाच्या अक्षरात हिंदी. सगळ्या बाजूंचे फोटो घ्या आणि शुद्धलेखनासकट जसं आहे तसं उतरवा. कन्नड येत नसेल तर शेजारी विचारा, अंदाज लिहू नका. गावाचं नाव बेळगाव, बेळगांव, बेलगाम, आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांत बेळगावी. लेबलच्या रकान्यात लेबलवरचं, शोधाच्या रकान्यात सगळी. नावावरून वाद घालायला आपल्याकडे माणसं कमी नाहीत, तो यादीत नको. तारखेवरही लगेच विश्वास नको, ती बहुधा कॉपी केल्याची असते.

परवानगीचंही तसंच. ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्या कायद्यात प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो, आणि चाल बांधणाऱ्याचा हक्क वेगळा. कॅसेट हाती आली म्हणून ती सगळ्यांसाठी खुली करण्याचा अधिकार आला असं नाही. जपणं आणि वाटणं ही दोन कामं, दोन वेगळ्या सह्या.

शेवट कापला

गाणं संपलं, पुढं शांतता, म्हणून फाइल तिथंच तोडली. असं करू नका. कॅसेटी तेव्हा महाग, एकीवर एक भरत जायचे. फीत संपेपर्यंत चालू द्या, बी साइडही.

काकांच्या त्या कॅसेटीत बी साइडला अकरा मिनिटं काहीच नव्हतं. मग खट्, आणि एका बाईचा पाळणा, मागं भांड्यांचा आवाज, आणि कुणीतरी कॅसिओवर एका बोटानं सूर धरतंय. काका हेडफोन काढेनात. थोड्या वेळानं म्हणाले, “हे आमच्या थोरलीचं बारसं,” आणि कॅसेट आणली होती त्याच दुधाच्या पिशवीत परत मागून घेतली.