जमिनीचा वापर बदलला की मातीतले सूक्ष्मजीव बदलतात का, हे स्वतः कसं तपासायचं

सगळ्यात आधी जागा नीट निवडा, निम्मं काम तिथेच होतं किंवा बिघडतं. बरेच जण एक सॅम्पल टेकडीवरच्या झाडीतलं घेतात, एक खालच्या सपाट शेतातलं, आणि फरक दिसला की लगेच म्हणतात शेतीने जिवाणू मारले. अहो पण तिथे मातीच वेगळी, उतार वेगळा, पाणी वेगळं! जिवाणूंची विविधता ठरवण्यात मातीच्या पीएचचा (माती किती आम्ल की अल्कली ते सांगणाऱ्या आकड्याचा) वाटा फार मोठा असतो, न्यूट्रलच्या आसपास जास्त प्रकार सापडतात आणि आम्लधर्मी मातीत कमी. म्हणून लागून असलेल्या जागा घ्या, म्हणजे दरवर्षी नांगरलं जाणारं शेत आणि त्याला चिकटून कित्येक वर्षं न नांगरलेलं गवत, आणि दोन्हीकडचा पीएच मोजून लिहून ठेवा. चुना किंवा अमोनियमवाली खतं वर्षानुवर्षं पडली असतील तर पीएच त्यामुळेच हललेला असू शकतो, तेही लिहा, कारण तोही वापराचाच परिणाम आहे.

सॅम्पल वाफसा असताना, सगळीकडचं एकाच दिवशी घ्या. वरचा पालापाचोळा बाजूला सारून ० ते १५ सेंमी खोलीची माती, नागमोडी चालत १०-१५ ठिकाणांहून, एका बादलीत मिसळून एक सॅम्पल. प्रत्येक वापराचे जमिनीचे निदान ३ वेगळे तुकडे हवेत, नाहीतर दिसलेला फरक वापराचा की त्या एका तुकड्याचा हे कळणारच नाही. दुसऱ्या तुकड्यात जाताना खुरपं धुवून स्पिरिटने पुसा.

लॅब परवडत नसेल तर कापडाने सुरुवात करा. शंभर टक्के सुती कापडाचे सारखे तुकडे सुकवून वजन करा, साधारण १० सेंमी खोल पुरा, खूण ठेवा, ८ आठवड्यांनी काढून हलक्या हाताने धुवून परत सुकवून वजन. कापूस म्हणजे जवळपास सगळा सेल्युलोज, तो बुरशी आणि जिवाणू खातात, मग जितकं वजन घटलं तितकं काम जास्त. पण इथे गल्लत करू नका, यातून सूक्ष्मजीव किती काम करतायत ते कळतं, किती प्रकारचे आहेत ते नाही.

प्रकार बघायचे तर डीएनए टेस्टच. प्लेटवर वाढवून मोजण्यात अर्थ नाही कारण मातीतले बहुतेक जिवाणू लॅबमधल्या साध्या प्लेटवर (खाद्य घातलेल्या बशीत) वाढतच नाहीत. जिवाणूंसाठी १६एस आणि बुरशीसाठी आयटीएस (ही ओळख पटवायला वाचल्या जाणाऱ्या डीएनएच्या ठराविक भागांची नावं), दोन्ही करून घ्या, फक्त १६एस केलं तर बुरशी दिसणारच नाही आणि नांगरटीचा मार तर बुरशीला जास्त बसतो, तिचे मातीत पसरलेले तंतू प्रत्येक नांगरटीला तुटतात. माती बर्फाच्या डब्यात न्या, लगेच पाठवता येत नसेल तर उणे २० ला ठेवा.

रिपोर्ट वाचताना मात्र सावध. ॲमेझॉनमध्ये जंगल तोडून कुरण केलेल्या जागांचा २०१३ मध्ये एक अभ्यास आला, त्यात कुरणाच्या एकेका ठिकाणी जिवाणूंचे प्रकार उलट वाढलेले निघाले! पण लांब लांबची कुरणं आतून एकमेकांसारखी झाली होती, जंगलात जे जिवाणू ठराविक जागीच सापडायचे ते कमी झाले, म्हणजे अख्ख्या परिसराची विविधता घटलीच. त्यामुळे एका सॅम्पलमधला आकडा बघून खूश होऊ नका, तुमचे शेताचे ३ तुकडे एकमेकांशी किती जुळतात आणि गवताचे ३ किती जुळतात ते लॅबला वेगळं विचारा.

आणि मुळांशी जोडून राहणारी बुरशी, म्हणजे मायकोरायझा बघायची असेल तर पिकांच्या मुळांत नेहमी असणारा तिचा अर्बस्क्युलर प्रकार आयटीएसमध्ये नीट पकडला जात नाही, त्यासाठी १८एस (डीएनएचा आणखी एक भाग) मागा. स्फुरद भरपूर टाकलेल्या शेतात ती कमी दिसली तर दचकू नका, झाडाला स्फुरद आयतं मिळालं की ते बुरशीला साखर देणं कमी करतं, म्हणून गेल्या काही वर्षांत कोणतं खत किती टाकलं याची नोंद रिपोर्टसोबतच ठेवा.