कोजागरीला बोलणी, मार्गशीर्षात माथेरान: मुलांची सोय लावून दोघांनी दोन दिवस काढण्याची रीत

शाळेत जाणारी मुले, नोकरी आणि घरातील वडीलधारी माणसे सांभाळणाऱ्या दांपत्याला दोन दिवस दोघांनीच बाहेर जायचे असेल, तर हॉटेल शोधण्याच्या आधी घरातील माणसांशी बोलावे लागते. हे दोन दिवस सबब सांगून काढू नयेत. ‘ऑफिसचे काम आहे’ असे सांगून गेलेल्या माणसांना दर तासाला घरी फोन करावासा वाटतो आणि परतल्यावर अपराधी वाटते. ‘आम्हा दोघांना दोन दिवस एकत्र काढायचे आहेत’ हे साधे वाक्य आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांना आणि जवळच्या मित्रांना स्पष्टपणे सांगता येते. ज्यांनी आयुष्यभर एकत्र कुटुंबात दिवस काढले, त्या माणसांना त्याचा अर्थ लगेच कळतो. मुंबई, ठाणे आणि पुण्याकडील कुटुंबे डोळ्यांसमोर ठेवून ही रीत येथे मांडली आहे आणि ठिकाण म्हणून माथेरान निवडले आहे, कारण तेथे दोघांना करण्यासारखे मुख्य काम म्हणजे एकमेकांबरोबर चालणे.

तारीख ठरवताना शाळेचे वेळापत्रक आणि पंचांग दोन्ही समोर ठेवावे. ऑक्टोबरात सहामाही परीक्षा असतात, त्यानंतर दिवाळी येते आणि सुट्टीत माथेरानची बाजारपेठ माणसांनी भरून जाते. तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू होते, त्यामुळे नात्यातील आमंत्रणे आधी विचारून घ्यावीत. नोव्हेंबरचा शेवटचा आणि डिसेंबरचा पहिला पंधरवडा मला सर्वांत योग्य वाटतो. शाळा नियमित सुरू झालेल्या असतात, पाऊस संपलेला असतो, हवेत गारवा असतो आणि नाताळची गर्दी अजून दूर असते. आजींचे मार्गशीर्षातील गुरुवार असतील, तर निघण्याचा दिवस शुक्रवार संध्याकाळ किंवा शनिवार सकाळ असाच ठेवावा. सोमवारची रजा मिळत असेल, तर रविवार-सोमवार जाणे शनिवार-रविवारपेक्षा कितीतरी चांगले, कारण रविवारी दुपारनंतर गर्दी उतरू लागते आणि खोल्यांचे दरही बहुतेक ठिकाणी कमी होतात.

बोलणी मात्र त्याच्या बरीच आधी, कोजागरीच्या रात्री करावीत. आश्विन पौर्णिमेला इमारतीच्या गच्चीवर तीन-चार कुटुंबे जमतात, मुले एकत्र खेळतात आणि मोठी माणसे उशिरापर्यंत निवांत बसतात. एरवी फोनवर अवघड वाटणारा विषय अशा वेळी सहज निघतो. वीस माणसांसाठी चार लिटर म्हशीचे दूध घ्यावे, ते मंद आचेवर आटवून साधारण तीन-सव्वातीन लिटरवर आणावे आणि साखर शेवटी, चव पाहत घालावी, कारण आटलेल्या दुधाला मुळातच गोडी येते. बदाम-पिस्त्यांची भरड पूड, चारोळी, वेलदोडा आणि दुधात भिजवलेले केशर पुरेसे असते. जायफळ मात्र हात राखून घालावे, नाहीतर दूध कडवट लागते. बरोबर बटाटेवडे किंवा कचोऱ्या ठेवाव्यात. आंबट चटणीची भेळ करायचीच असेल, तर ती दुधाच्या बरीच आधी संपवावी. ज्या घरांत थोरल्या अपत्याची आश्विनी करतात, त्यांनी चंद्राला नैवेद्य दाखवल्यावर सर्वच घरांतील थोरल्या मुलांना एकत्र ओवाळले, तर मुलांनाही ही रात्र आपली वाटते. काम वाटून घ्यावे: एका घराने दूध आटवावे, दुसऱ्याने वडे आणावेत, तिसऱ्याने सतरंज्या, पेले आणि आवराआवर पाहावी. ज्या घरी दूध आटते त्याच घरातील बाईने रात्री दोन वाजता पातेली घासत बसावे, असे होऊ देऊ नये.

त्या रात्री मित्रांपुढे अदलाबदलीचा प्रस्ताव ठेवावा. ‘या वेळी आमची मुले शनिवारी तुमच्याकडे राहतील, जानेवारीत तुमची मुले आमच्याकडे राहतील आणि तुम्ही दोघे जाऊन या’ अशी स्पष्ट फेड ठरली, की कोणावर उपकाराचे ओझे राहत नाही. साधारण आठ वर्षांवरील मुलांना मित्राच्या घरी राहायला जाणे हा सण वाटतो. त्याहून लहान मुलांना मात्र त्यांच्याच घरात, त्यांच्याच अंथरुणावर झोपू द्यावे आणि आजी-आजोबांना किंवा मावशी-आत्याला घरी बोलवावे. लहान मूल दिवसा कुठेही रमते, पण रात्री झोपताना त्याला ओळखीची भिंत लागते.

आजी-आजोबांना विचारताना त्यांना गृहीत धरू नये, हे मी आग्रहाने सांगेन. त्यांचेही भजनी मंडळ असते, डॉक्टरांची वेळ ठरलेली असते, गुडघे दुखत असतात. ‘आई, पुढच्या महिन्यात पहिल्या शनिवारी-रविवारी तुमचं काही ठरलंय का? नसेल तर मुलांजवळ राहायला याल का?’ असे आधी विचारावे आणि नकार आला तर तो मनाला लावून न घेता स्वीकारावा. जावयाने किंवा सुनेने स्वतः फोन करावा; आपल्या आई-वडिलांशी आपण बोलायचे आणि जोडीदाराच्या आई-वडिलांशी जोडीदाराने, या वाटणीमुळे नाती कोरडी राहतात. वडीलधारी मंडळी आली, तर त्यांच्यावर स्वयंपाकाचा भार टाकू नये. शुक्रवारी रात्री इडलीचे पीठ आंबवून फ्रिजमध्ये ठेवावे, कणीक भिजवून ठेवावी, एक सुकी भाजी आणि आमटी करून ठेवावी, आणि थालीपिठाची भाजणी, मेतकूट व लोणचे हाताशी येईल अशा जागी काढून ठेवावे. पोळ्यांना मावशी येत असतील, तर त्यांना हे दोन दिवस आधी सांगावे, त्यांची रजा त्यात येत नाही ना हे विचारावे आणि एखादे काम वाढवले असेल तर त्याचे पैसे द्यावेत.

फ्रिजच्या दारावर एक कागद लावावा. त्यावर मुलांच्या डॉक्टरांचा क्रमांक, ताप आल्यास डॉक्टरांनी त्या मुलाच्या वजनाप्रमाणे सांगितलेले औषध व मात्रा, ॲलर्जी असल्यास ठळक अक्षरांत तिची नोंद, शेजाऱ्यांचा क्रमांक, पाणी येण्याची वेळ आणि हॉटेलचा दूरध्वनी क्रमांक लिहावा, कारण माथेरानच्या झाडीत मोबाइलची रेंज सगळीकडे मिळत नाही. आजोबांची स्वतःची औषधे त्यांनी बरोबर आणली आहेत ना, हे निघण्यापूर्वी पाहावे. घराची जादा किल्ली शेजारी ठेवावी. मुलांना खोटे सांगू नये. ‘आई-बाबा दोन दिवस फिरायला जात आहेत, रविवारी रात्री जेवायला घरी येतील’ एवढे सांगितले की पाच वर्षांच्या मुलालाही ते समजते. रोज संध्याकाळी एकच फोन, ठरलेल्या वेळी करावा. वारंवार फोन केल्याने मुलांना आठवण येऊ लागते आणि आजीलाही आपल्यावर विश्वास नाही असे वाटते.

आता प्रवास. मध्य रेल्वेच्या कर्जत लोकलने नेरळला उतरावे. पुण्याकडून येणाऱ्यांनी कर्जतला थांबणारी गाडी धरावी आणि तेथून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलने भिवपुरी रोडनंतरच्या नेरळ स्थानकावर यावे. नेरळहून वर जाण्यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला अरुंद रुळांवरून धावणाऱ्या मिनी ट्रेनचा. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीने १९०४ मध्ये या मार्गाचे काम सुरू झाले आणि १९०७ मध्ये गाडी धावू लागली. सुमारे २१ किलोमीटरचे हे अंतर जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज या स्थानकांवरून वळणे घेत कापायला दोन तासांहून अधिक वेळ लागतो. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा भाग बंद असतो आणि पाऊस संपल्यावर रुळांची तपासणी होऊन तो सुरू होतो. २०१९ च्या पावसात मार्गाची मोठी हानी झाली होती आणि पूर्ण सेवा २०२२ च्या ऑक्टोबरात पूर्ववत झाली; म्हणून निघण्याच्या आठवड्यात गाडी सुरू आहे का, हे रेल्वेकडे विचारून खात्री करावी. गाड्या मोजक्या आणि जागा थोड्या असल्याने नेरळला सकाळी लवकर पोहोचावे.

दुसरा मार्ग रस्त्याचा. नेरळ स्थानकाबाहेरून सामायिक टॅक्सी घाटाने दस्तुरी नाक्यापर्यंत नेते आणि स्वतःची मोटार असली तरी ती तेथेच ठेवावी लागते. माथेरानमध्ये खासगी मोटारींना बंदी आहे आणि २००३ मध्ये केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. नाक्यावर नगरपरिषदेचा प्रवेशकर भरून पुढे निघावे. तेथून बाजारपेठ साधारण अडीच-तीन किलोमीटर आहे आणि जवळच्या अमन लॉज स्थानकावरून शटल मिळते. ‘शटल बंद आहे’ असे कोणी वाटेत सांगितले, तरी स्थानकाच्या खिडकीवर जाऊन स्वतः विचारावे. घोडा करायचा असेल, तर दरफलक वाचून आणि रक्कम आधी ठरवूनच बसावे. माणसाने ओढायच्या हातरिक्षा बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला आहे, आणि तो मला मनापासून योग्य वाटतो. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी चालावे. सामान एकाच पाठपिशवीत मावेल इतके घेतले, तर रुळांच्या कडेने सावलीतून चालत जाणे हाच सर्वांत सुंदर प्रवेश आहे.

त्यासाठी सामान विचारपूर्वक भरावे. येथील माती जांभ्याची, तांबडी. पांढरे कपडे आणि पांढरे बूट घरीच ठेवावेत. रुळलेले बूट, एक स्वेटर, विजेरी, पाण्याची बाटली आणि पुरेशी रोख रक्कम एवढे हवेच. खाण्याच्या पिशव्या हातात लटकवू नयेत, माकडे त्या हिसकावून घेतात.

हॉटेल आरक्षित करताना चार गोष्टी विचाराव्यात: दरात दोन्ही वेळचे जेवण आहे का, खोली सोडण्याची वेळ कोणती, बाजारपेठेपासून किती चालावे लागते आणि त्याच दिवशी मोठा सहलीचा गट उतरणार आहे का. येथे खोली सोडण्याची वेळ अनेक ठिकाणी सकाळी लवकर असते, म्हणून सामान दुपारपर्यंत ठेवू देतील का हेही आधीच ठरवावे. बाजारपेठेतील हॉटेल सोयीचे खरे, पण दोघांना निवांतपणा हवा असेल, तर दहा-पंधरा मिनिटे आत झाडीत असलेले एखादे जुने घर किंवा लहान हॉटेल निवडावे.

वर पोहोचल्यावर सगळे पॉइंट पाहण्याचा हट्ट धरू नये. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये हे पठार इंग्रजांच्या नजरेस आणले, तेव्हापासून प्रत्येक कड्याला नाव मिळत गेले आणि आज ती यादी इतकी लांब आहे की घोड्यावरून ती संपवण्यात दिवस जातो आणि बोलणे राहून जाते. पहिल्या दिवशी दुपारी जेवून थोडी झोप घ्यावी, चारच्या सुमारास शार्लोट तलावाकडे निघावे, वाटेत ग्रामदैवत पिसारनाथाचे दर्शन घ्यावे आणि पुढे एको व लुईसा पॉइंटच्या बाजूने किंवा पॉर्क्युपाइन पॉइंटवर सूर्यास्ताला बसावे. समोर प्रबळगडाचे पठार दिसते. शार्लोटचे पाणी गावाला पिण्यासाठी वापरले जाते, म्हणून त्यात उतरू नये. अंधार पडायच्या आत झाडीतून परतावे आणि तेवढे जमले नाही, तर विजेरी आहेच.

दुसऱ्या दिवशी पहाटे उत्तरेकडील पॅनोरमा पॉइंट गाठायचा असेल, तर बाजारापासून पाच किलोमीटरच्या आसपास चालण्याची तयारी हवी आणि आदल्या रात्री हॉटेलात चहा सांगून ठेवावा. तेवढे चालणे झेपत नसेल, तर दक्षिणेकडे अलेक्झांडर पॉइंटपर्यंत रमतगमत जावे. या वाटांवर घराच्या हप्त्यांचा आणि मुलांच्या गुणांचा विषय काढू नये असे मी म्हणणार नाही. संसारातले अवघड विषय चालताना, एकमेकांकडे न पाहता बोलता येतात आणि घरी अर्धवट तुटलेली वाक्ये येथे पूर्ण होतात. मात्र फोन पिशवीत ठेवावा. हे हुतात्मा भाई कोतवाल यांचे जन्मगाव आहे. १९४२ च्या लढ्यात उतरलेल्या आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हौतात्म्य पत्करलेल्या या माणसाबद्दल गावातील एखाद्या जुन्या दुकानदाराला विचारले, तर तो आस्थेने बोलतो. बाजारातून मुलांसाठी चिक्की घ्यावी आणि आजी-आजोबांसाठी चामड्याच्या चपला घ्यायच्या असतील, तर मापाचा कागद घरूनच न्यावा.

परतताना शेवटच्या गाडीची वाट पाहू नये. रविवारी संध्याकाळी दस्तुरी नाक्यावर टॅक्सीसाठी आणि नेरळच्या फलाटावर लोकलसाठी मोठी गर्दी असते, म्हणून जेवून दोनच्या सुमारास उतरावे. घरी रात्रीचे जेवण आपणच वाढावे आणि आजी-आजोबांना त्याच रात्री प्रवास करायला न लावता सोमवारी सकाळी घरी पोहोचवावे. मुले मित्रांकडे राहिली असतील, तर जानेवारीतील त्यांच्या पाळीची तारीख त्याच आठवड्यात दिनदर्शिकेवर लिहून टाकावी, कारण फेब्रुवारी उजाडला की दहावी-बारावीच्या परीक्षा लागतात, मागोमाग इतर वर्गांचा अभ्यास सुरू होतो आणि मित्रांचे दोन दिवस थेट मे महिन्यावर जातात.