एक रुपयात क्रेडिट स्कोर? ट्रायल घेताना या चुका टाळा

सहकारी बँकेच्या कर्ज विभागात सव्वीस वर्षं काढली. निवृत्त झालो तरी सोसायटीतली माणसं संध्याकाळी मोबाइल घेऊन येतातच. पूर्वी विचारायचे, ‘हप्ता किती बसेल?’ आता विचारतात, ‘काका, हे पैसे कोण कापतंय?’ मोबाइल बघण्याआधीच मला अंदाज आलेला असतो. कर्ज काढायचं ठरतं, कुणीतरी म्हणतं ‘आधी सिबिल बघ’, म्हणजे कर्ज फेडण्याच्या सवयीवरून मिळणारा तीन आकडी क्रेडिट स्कोर, मग तो दाखवणाऱ्या अ‍ॅपची जाहिरातीतली सात दिवसांची ट्रायल घेतली जाते. आठव्या दिवशी ती सगळे विसरतात, पैसे कापणारा मात्र विसरत नाही.

सगळ्यात जुनी आणि माझं डोकं फिरवणारी चूक म्हणजे अ‍ॅप डिलीट केलं की ट्रायल बंद झाली असं समजणं. पेपरवाल्याला न सांगता घराला कुलूप लावून गावाला गेलात, तर पेपर दारात पडायचा तो पडतोच आणि बिलही येतं. इथेही तसंच आहे. ट्रायल घेताना तुम्ही जो एक रुपया भरता, तो भरताना बँकेला पुढचे पैसे कापायची परवानगीही देऊन बसता. त्यालाच ऑटोपे किंवा ई-मँडेट म्हणतात. ती परवानगी अ‍ॅपमध्ये नसते, बँकेकडे असते. अ‍ॅप गेलं तरी ती जागची हलत नाही.

आमच्या भाच्याचंच सांगतो. चिंचवडला फ्लॅट बघत होता. गणपतीत घरी आला तेव्हा आरती आणि जेवण यांच्या मधल्या दहा मिनिटांत त्यानं ट्रायल घेतली, स्कोर बघितला, ‘मामा, सातशे साठ!’ म्हणून उड्या मारल्या आणि अ‍ॅप काढून टाकलं. चंपाषष्ठीला आला तो तोंड पाडून. ३९९ रुपये तिसऱ्यांदा गेले होते. त्यानं काय केलं होतं? डेबिट कार्ड ब्लॉक केलं होतं! अरे बाबा, मँडेट यूपीआयवर दिलंस, मग कार्ड ब्लॉक करून काय होणार?

त्याचं नेहमीचं यूपीआय अ‍ॅप उघडलं, ऑटोपेच्या पानावर गेलो, तिथे काहीच नाही. अर्धा तास डोकं खाजवल्यावर आठवलं की त्या दिवशी कॅशबॅकच्या लोभानं त्यानं दुसऱ्याच एका यूपीआय अ‍ॅपमधून रुपया भरला होता. तेही अ‍ॅप नंतर काढून टाकलेलं. ते परत टाकलं, सिम पडताळणी केली, ऑटोपे उघडलं, तर आत एक सोडून चार मँडेट जिवंत. एक हे क्रेडिटवालं, दोन सिनेमे-मालिकांची आणि एक रोजचं राशिभविष्य सांगणारं. पैसे जाणार हे भविष्य त्या अ‍ॅपनं त्याला सांगितलं नव्हतं. पिन टाकून चारही रद्द केली. मेलामेली करून तिसऱ्या महिन्याचे पैसे परत मिळाले, आधीचे दोन हप्ते गेले ते गेलेच.

यात बँकेचा दोष नव्हता. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना गेली पाहिजे. तिन्ही वेळा मेसेज आला होता. ‘अभिनंदन, तुम्हाला दहा लाखांचं कर्ज मंजूर’ वगैरे दीडशे मेसेजच्या ढिगात तो पडून होता. दुसरं म्हणजे पहिली परवानगी देताना ओटीपी किंवा पिन लागतो, पण त्यानंतर १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम दर वेळी न विचारता जाऊ शकते. मँडेट देताना पडद्यावर कमाल रक्कम, मुदत आणि दर महिन्याला की वर्षाला, हे सगळं लिहिलेलं असतं. पण मोठ्या अक्षरांतला ‘₹१’ दिसला की लोकांचा अंगठा पिनकडे धावतो. घाई कसली असते देव जाणे. स्कोर काय पळून जाणार आहे?

माझी पद्धत एकच आहे. पैसे ज्या वाटेनं गेले, त्याच वाटेनं उलटं जायचं. यूपीआयवरून भरले असतील तर ज्या अ‍ॅपमधून भरले त्याच अ‍ॅपचं ऑटोपे आधी बघायचं. कार्डावरून भरले असतील तर बँकेच्या साइटवर कार्डाची ई-मँडेट बघायची. प्ले स्टोअरमधून घेतलं असेल तर तिथल्या सबस्क्रिप्शनच्या यादीत जायचं. आयफोनवाल्यांनी ऐन वेळेवर जाऊच नये, तिथे मुदत संपायच्या किमान २४ तास आधी रद्द करावं लागतं. आणि नुसतं मँडेट रद्द करून थांबायचं नाही. आधी कंपनीच्या खात्यात जाऊन सदस्यत्व रद्द करायचं, मग मँडेट, आणि दोन्हींचे स्क्रीनशॉट ठेवायचे. भाच्याच्या वेळी कंपनीनं ‘आमच्याकडे रद्द केल्याची नोंद नाही’ असंच उत्तर दिलं होतं.

‘सातव्या दिवशी रद्द करू’ म्हणणाऱ्यांना मी हात जोडतो. ज्या दिवशी घेतली त्याच दिवशी रात्री झोपण्यापूर्वी रद्द करा. मी तर कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी ‘ट्रायल’ असं लिहून ठेवतो, फुली मारेपर्यंत चैन पडत नाही. मोबाइलचं रिमाइंडर? ते वाजतं, आपण बंद करतो, संपलं.

मात्र रद्द करण्याआधी रिपोर्टची, म्हणजे स्कोरमागच्या तुमच्या कर्जांच्या नोंदींची, पीडीएफ उतरवून घ्या. काही ठिकाणी रद्द केल्याबरोबर आत जायचा रस्ताच बंद होतो. पुष्कळ जण फक्त स्कोरच्या काट्याचा फोटो काढतात, हिरव्या पट्ट्यात दिसला की व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला. त्याचा उपयोग शून्य. तक्रार करायची वेळ आली तर रिपोर्टवरचा क्रमांक आणि आतल्या नोंदी लागतात.

आता माझ्या दुसऱ्या आवडत्या विषयाकडे येतो : ट्रायल मुळात घेताच कशाला?

आपण सगळ्यालाच सिबिल म्हणतो, वनस्पती तुपाला डालडा म्हणावं तसं. प्रत्यक्षात भारतात लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवून स्कोर देणाऱ्या चार क्रेडिट कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २०१७ पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार या प्रत्येकीनं वर्षातून एकदा स्कोरसकट पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा आहे. म्हणजे वर्षाला चार. तीन-तीन महिन्यांनी एकेकीचा काढला तर वर्षभर नजर राहते आणि खिशातून दमडी जात नाही. माझे जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर ठरलेले आहेत. फुकट रिपोर्टचा दुवा साइटवर शोधावा लागतो आणि वाटेत ‘प्रीमियम घ्या’ची मोठी बटणं लागतात, एवढाच काय तो त्रास. पाच मिनिटं धीर धरायचा नाही म्हणून लोक वर्षाचे पैसे भरतात.

शिवाय सात दिवस तुम्ही नक्की काय बघणार? बँका आपली माहिती या कंपन्यांना पूर्वी महिन्यातून एकदा पाठवायच्या, १ जानेवारी २०२५ पासून निदान पंधरवड्यातून एकदा पाठवायची असा नियम झाला. मग ट्रायलच्या सात दिवसांत रोज सकाळी स्कोर उघडून बघणं म्हणजे पेरलेलं बी उगवलं का हे रोज उकरून बघणं.

‘पण काका, अलर्ट मिळतात ना!’ ते फुकटही मिळतात. ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेनं सांगितलं आहे की एखाद्या बँकेनं किंवा वित्तसंस्थेनं तुमचा रिपोर्ट उघडला तर क्रेडिट कंपनीनं तुम्हाला एसएमएस किंवा ईमेल पाठवायचा. त्यासाठी तुमचा चालू नंबर बँकेत नोंदलेला हवा. सासुरवाडीच्या पत्त्यावर घेतलेलं जुनं सिम बँकेत आणि नवं सिम खिशात, अशी मंडळी मी कमी पाहिली नाहीत.

बाकीच्या चुका थोडक्यात. स्वतःचा रिपोर्ट बघितल्यानं स्कोर कमी होत नाही, त्या भीतीनं मागे राहू नका. फुकट स्कोर दाखवणाऱ्या अ‍ॅपमधलं ‘प्री-अप्रूव्ह्ड’ बटण मात्र गंमत म्हणून दाबू नका, तो कर्जाचा अर्ज ठरू शकतो आणि त्या चौकशीची नोंद रिपोर्टमध्ये होते. कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका. कुणी ‘रिफंडसाठी स्क्रीन शेअर करा’ म्हणालं तर फोन ठेवा. नवऱ्याच्या पॅनवर बायकोचा मोबाइल, असली खिचडी करू नका.

आणि स्कोरच्या आकड्याखाली काय आहे ते वाचा. आमच्या शाखेत एक पाटील आले होते. गावात त्यांच्याच नावाचे, वडिलांचंही नाव तेच असलेले दुसरे पाटील. दुसऱ्याचं थकलेलं ट्रॅक्टरचं कर्ज यांच्या रिपोर्टवर चढलेलं. यांनी दोन वर्षं पैसे भरून ‘मॉनिटरिंग’ घेतलं होतं, स्कोर पडताना बघत होते, पण आतली कर्जांची यादी एकदाही उघडली नव्हती. अशी चूक दुरुस्त करायची तक्रार ऑनलाइन आणि फुकट होते. ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. ‘स्कोर वाढवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला पाच हजार देण्यापेक्षा हे करा.

अमेरिकेतल्या मुलांच्या आईवडिलांनीही हे तिकडे कळवावं, कारण एक डॉलरच्या ट्रायलचा खेळ तिकडे जुना आहे. जानेवारी २०१७ मध्ये तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण संस्थेनं ट्रान्सयुनियन आणि इक्विफॅक्स या दोघींना मिळून दोन कोटी तीस लाख डॉलरहून अधिक भरायला लावले. एक डॉलरच्या किंवा फुकटच्या ट्रायलमधून लोकांना महिन्याच्या वर्गणीत ओढणं हे त्यातलं एक कारण होतं. तिकडेही तिथल्या तिन्ही क्रेडिट कंपन्यांचे रिपोर्ट अ‍ॅन्युअल क्रेडिट रिपोर्ट या अधिकृत साइटवर फुकट मिळतात, आता तर आठवड्याला एकदा.

आपल्याकडे अशा जाळ्याला ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ म्हणतात आणि नोव्हेंबर २०२३ च्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत ज्या तेरा क्लृप्त्यांना मनाई केली, त्यांत ती आहे. रद्द करायचं बटणच सापडत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा, नंबर १९१५. फोन करताना स्क्रीनशॉट आणि पैसे कापल्याचा मेसेज समोर ठेवा. ‘थांबा हं, शोधतो’ म्हणणारे माझ्याकडे रोज येतात, त्यांना मी चहा तरी पाजतो.