थंडीच्या दिवसांत हिरवळीची निगा: बेळगाव सीमाभागासाठी सल्ला

बेळगाव, खानापूर, निपाणी व चिकोडी परिसरातील बंगल्यांच्या आवारात आणि मंगल कार्यालयांच्या मोकळ्या जागेत लावलेली हरळी किंवा झोयसिया, ही दोन्ही उन्हाळी स्वभावाची गवते आहेत. त्यांची वाढ 27 ते 35 अंश सेल्सिअस तापमानात जोमाने होते आणि रात्रीचे तापमान 15 अंशांच्या खाली येऊ लागले की मंदावते. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत लॉन फिकट किंवा किंचित तांबूस दिसले, तर ते भुकेलेले आहे असे समजून युरिया टाकण्याची घाई करू नये. वाढ थांबलेल्या गवताला दिलेले नत्र बव्हंशी वाया जाते, आणि त्यातून जी कोवळी पालवी फुटते ती रोगाला लवकर बळी पडते.

नत्राचा शेवटचा हप्ता ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत द्यावा. महिनाअखेरीस प्रति चौरस मीटर 5 ते 8 ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश दिल्यास मुळे काटक होतात. चिकोडी-अथणीकडील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत पिवळेपणा लोहाच्या कमतरतेनेही येतो. कोवळी पाने पिवळी व शिरा हिरव्या दिसत असतील, तर प्रति लिटर पाण्यात 5 ग्रॅम फेरस सल्फेट मिसळून फवारावे. फरशीवर मात्र ते उडू देऊ नये, कारण त्याचे गंजाचे डाग निघत नाहीत.

सर्वाधिक नुकसान पाण्याने होते. उन्हाळ्याची सवय म्हणून रोज संध्याकाळी पाइप धरणारे बरेच जण असतात; रात्रभर ओल राहिली, त्यावर दव पडले की लॉनवर बुरशीचे नाण्याएवढे वाळके ठिपके उमटतात. खानापूरकडील तांबड्या, निचऱ्याच्या जमिनीत पाच-सहा दिवसांनी आणि काळ्या जमिनीत आठ-दहा दिवसांनी, सकाळी, मुळांपर्यंत ओल जाईल इतके पाणी पुरेसे होते. दव दाट असेल त्या सकाळी लांब बांबू किंवा दोर गवतावरून ओढून ते झाडून टाकावे. ठिपके पसरतच राहिले, तरच लेबलवरील मात्रेने बुरशीनाशक वापरावे.

कापणी विरळ करावी, उंची चार सेंटिमीटरच्या आसपास ठेवावी आणि एका वेळी पात्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग काढू नये. लव्हाळा व इतर तण जमीन ओली असताना गाठींसह उपटावे.

तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणाऱ्या लग्नसराईत लॉनवर मंडप व सतरंज्या पडतात, आणि थंडीत दबलेले गवत लवकर भरून येत नाही. म्हणून कार्यक्रम संपताच आच्छादन काढावे, त्याच रात्री काढणे सर्वांत बरे, आणि खुर्च्या-टेबलांची जागा दर वेळी बदलावी. विरळ झालेल्या जागी नवे गवत आत्ता लावू नये. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात ऊन तापू लागल्यावर वाळका थर दाताळ्याने ओढून काढावा, चाळलेले शेणखत व बारीक मातीचा पातळ थर द्यावा, प्रति चौरस मीटर 10 ग्रॅम युरिया टाकून लगेच पाणी सोडावे आणि मग रोपणी करावी.