नदी खारी, तर काठावर भात कसं?

आम्ही सहा जण गोव्यात, फोंड्यात मिळून एक फँटसी गेम करतोय. लिखाण माझ्याकडे. पहिल्यांदा तो बाहेरच्या कुणाला खेळायला दिला, तेव्हा शेजारच्या मुलानं दहाव्या मिनिटाला विचारलं, "ताई, न्हंयचें उदक खारें, मगीर भात कशें पिकता?" नदी खारी मी लिहिली होती, हिरवं शेत मॅप करणाऱ्यानं काढलं होतं. आम्ही एकमेकांना विचारलंच नव्हतं.

अशा वेळी दोनांतली एक गोष्ट खोडायचा मोह होतो. खोडू नका. आधी दोन्ही खऱ्या धरा आणि मधला दुवा शोधा. आम्हाला तो आमच्या खाजनांत सापडला. मांडवी-झुआरीच्या काठची ही शेतं बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली असतात. बांधात मानस असते, म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरतीच्या दाबानं झडपा आपोआप मिटतात, ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर सोडतात. आणि जमिनीत खारटपणा उरला तरी कोरगुट जातीचं भात तग धरतं.

एवढं कळल्यावर प्रश्न आपसूक येत गेले. बांध फुटला तर रात्री धावायचं कुणी? मानशीपाशी मासळी भरपूर मिळते, तिथं मासे धरण्याचा हक्क गावात लिलावानं दिला जातो. हक्क घेणाऱ्याला खारं पाणी आत यायला हवं असतं, भात लावणाऱ्याला ते नको असतं. आमच्या गेममधली सगळ्यात चांगली क्वेस्ट, म्हणजे खेळाडूला दिलेली कामगिरी, या भांडणातून निघाली. आधी तिथं एक ड्रॅगन होता, तो मी काढून टाकला.

नोंदीसाठी सगळ्यांची मिळून एकच शीट ठेवा. चार रकाने पुरतात: काय ठरलं, कुणी ठरवलं, खेळाडूला ते कुठं दिसतं, आणि त्यामुळे आणखी काय बदलतं. चौथा रकाना रिकामा राहिला तर ती गोष्ट अजून गेममध्ये घालू नका. तिसरा भरला असेल तर ती पक्की. नुसतं शीटमध्ये आहे ते कधीही बदला.

मंदिरांनी आम्हाला जास्त छळलं. मॅपवर अकरा मंदिरं, सगळी नदीच्या एकाच बाजूला, कारण चित्रकाराला तिथली टेकडी आवडली. पण फोंड्यात राहून मला हे उमगायला नको होतं का? सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या हद्दीतली देवळं पाडली जाऊ लागली, तेव्हा भक्तांनी देव नदीपार, इकडे फोंड्याच्या बाजूला आणले: मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. एका घटनेची खूण दोन्ही काठांवर राहते. म्हणून आम्ही पलीकडच्या काठावर रिकामे चौथरे ठेवले आणि अलीकडच्या पुजाऱ्यांच्या तोंडी पलीकडच्या गावांची नावं दिली. एकही मंदिर हलवावं लागलं नाही.

विसंगती प्रत्येक वेळी चूकच असते असंही नाही. देव नदीपार कसा आला, हे दोन गावं दोन तऱ्हांनी सांगू शकतात, मात्र ते दोन पात्रांच्या तोंडून यायला हवं. भरतीची वेळ, अंतरं, वयं, कोण कधी मेलं, हे निवेदक सांगतो ते एकच असलं पाहिजे. तिथं सूट देऊ नका.

गावांच्या नावांसाठी एकच माणूस नेमा, बस्स.

दर गुरुवारी आम्ही तासभर शीट वाचतो. गेल्या खेपेला मानशीचा राखणदार अडकला: वय सत्तर, आणि म्हणतो "ही मानस मी बांधली", तर शीटमध्ये मानस शंभर वर्षांची. वय वाढवायचं ठरत होतं. मग आठवलं की खाऱ्या पाण्यात लाकूड कुजतं, फळ्या बदलाव्या लागतात. आता तो म्हणतो, "हिच्या फळ्या मी तीनदा बदलल्या," आणि दारावर तीन रंगांचं लाकूड दिसतं.